हरल्यानंतर कामाला येणारी माणसं

डेबियन ही जगभरचे स्वयंसेवक मिळून बांधतात अशी लिनक्सवरची मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. या प्रकल्पाच्या घटनेतलं एक छोटं कलम मला तोंडपाठ आहे, २.१. या घटनेमुळे प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कुणावरही येत नाही, असं ते सांगतं. नेमून दिलेलं काम ज्याला करायचं नसेल त्याने ते करू नये. अट एकच : हे नियम आणि त्यांनुसार रीतसर झालेले निर्णय यांच्या विरोधात मुद्दाम काम करायचं नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथेच थांबले होते. घटना म्हटली की कुणाचा शब्द कुणावर चालतो हे आधी येतं. इथे सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे की कुणी कुणाला हुकूम सोडायचा नाही. आणि तरीही पुढे निवडणूक आहे, समिती आहे, सचिव आहे, गणपूर्ती आहे, तीनास एक बहुमत आहे. ज्यांना काहीही करायला भाग पाडता येत नाही अशा हजारभर माणसांनी एकत्र निर्णय घ्यायचे कसे, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. पोटापाण्यासाठी मी सर्व्हर सांभाळते. त्यातले बहुतेक डेबियनवर चालतात. म्हणजे माझी नोकरी ज्यांच्या फावल्या वेळावर उभी आहे, ती माणसं आपसात कशी भांडतात आणि कशी नांदतात, हे समजून घेणं मला माझं कामच वाटतं.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. १९९६ मध्ये त्याने सूत्रं ब्रूस पेरेन्स यांच्याकडे दिली. पेरेन्स यांच्या काळात, १९९७ साली, डेबियनचा सामाजिक करार तयार झाला. वापरणाऱ्यांना आम्ही काय देणं लागतो, हे त्यात लिहिलं आहे. त्यातलं एक वचन मला फार मोलाचं वाटतं : आम्ही अडचणी लपवणार नाही. बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची, नोंदवही तेव्हापासून आजतागायत सगळ्यांना उघडी आहे. पण आतल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, हे त्या करारात नव्हतं. ते पुढच्या वर्षी आलं. इयान जॅक्सन यांनी घटनेचा मसुदा केला आणि डिसेंबर १९९८ मध्ये ती मंजूर झाली.

दरवर्षी निवडून येणाऱ्या प्रकल्पप्रमुखाला ती काय देते ते पाहण्यासारखं आहे. प्रमुखाने निर्णय घेताना सर्वांचं जे मत दिसतं त्याला धरून राहावं, स्वतःच्या मतावर फार भर देऊ नये, असं लिहिलं आहे. तो प्रतिनिधी नेमू शकतो, बदलूही शकतो. पण अमुक निर्णय घेशील तरच नेमतो असं म्हणू शकत नाही, आणि प्रतिनिधीने एकदा घेतलेला निर्णय फिरवू शकत नाही. डेबियनमधला एकेक प्रोग्रॅम बांधून ठेवलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्याला मेंटेनर. एखाद्या मेंटेनरचा त्याच्या पॅकेजबद्दलचा निर्णय उलटवायचा असेल तर तांत्रिक समितीला तीनास एक बहुमत लागतं. ज्याने हाताने काम केलं त्याच्या बाजूने तराजू मुद्दाम झुकवलेला आहे. मला हे योग्य वाटतं. पॅकेज रात्री दोनला दुरुस्त करणारा माणूस आणि त्यावर दुपारी मत देणारा माणूस यांच्यात फरक राहायलाच हवा.

गणपूर्तीचं गणित तर मला अतिशय आवडतं. एकूण सदस्यसंख्येचं वर्गमूळ काढायचं, त्याचं निम्मं करायचं, आणि सर्वसाधारण ठरावासाठी त्याची तिप्पट. हजार सदस्य असतील तर पन्नाससुद्धा लागत नाहीत. ज्यांना वेळ नाही, ज्यांना या विषयात गम्य नाही, त्यांच्या गैरहजेरीमुळे बाकीच्यांचं घोडं अडू नये, एवढी समज त्या सूत्रात आहे.

मतपत्रिका मेलने येते. प्रत्येक पर्यायासमोर रिकामा चौकटी कंस असतो. त्यात पसंतीचा क्रम लिहायचा : १, २, ३. दोन पर्याय सारखेच वाटत असतील तर दोघांना तोच आकडा द्यायचा. काही कंस कोरे सोडले तरी चालतं. मग आपल्या खासगी कीने, म्हणजे डिजिटल सहीच्या गुप्त किल्लीने, सही करायची आणि पाठवून द्यायचं. मोजणी अशी की प्रत्येक पर्यायाची प्रत्येक दुसऱ्या पर्यायाशी लढत लागते. त्यामुळे मतविभागणीने तिसराच निवडून येण्याची भीती बरीचशी जाते. आणि प्रमुखाच्या निवडणुकीत दरवेळी ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा एक उमेदवार असतोच. तो जिंकला तर निवडणूक पुन्हा. आपल्याकडे २०१३ मध्ये ‘नोटा’ आलं, पण लोकसभा-विधानसभेत त्याला कितीही मतं पडली तरी निकाल बदलत नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी फेरनिवडणुकीचा आदेश काढला, तेव्हा मला पटकन डेबियनच आठवलं होतं.

सगळं इतकं काळजीपूर्वक रचलेलं असूनही २०१४ साल आलंच.

संगणक सुरू झाला की कर्नलनंतर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यानंतर, सर्वांत आधी एक प्रोग्रॅम उठतो आणि तो बाकीच्या सगळ्या सेवांना उठवतो. डेबियनमध्ये हे काम जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्ट्स करत असत. ती पद्धत थकली होती, हे बहुतेकांना मान्य होतं. तिच्या जागी काय आणायचं यावर मात्र भडका उडाला. एकीकडे सिस्टमडी, ज्यामागे रेड हॅट कंपनीतले इंजिनिअर होते. दुसरीकडे उबुंटू ही दुसरी लिनक्स सिस्टीम काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचं अपस्टार्ट. ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रश्न तांत्रिक समितीकडे गेला, बग क्रमांक ७२७७०८ म्हणून. समितीतल्या काहींचा पगार कॅनॉनिकल देत होती, त्यामुळे त्यांच्या हेतूंवर बोटं उठली. खरं सांगायचं तर त्यांनी मांडलेले मुद्दे वाचले की तांत्रिक विचार किती खोल होता ते दिसतं. समितीतल्याच रस ऑलबेरी यांनी स्वतः दोन्ही प्रणाली घरी बसवून, त्यांवर स्वतःचं पॅकेज चालवून, काय अनुभव आला ते सविस्तर लिहिलं होतं. कुठल्याही सार्वजनिक संस्थेत निर्णयाआधी कुणी एवढे कष्ट घेतलेले मी फार कमी वेळा पाहिले आहेत.

आठ सदस्य. चार सिस्टमडीच्या बाजूने, चार अपस्टार्टच्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्ष ब्डेल गार्बी यांनी निर्णायक मत सिस्टमडीच्या पारड्यात टाकलं. हरलेल्या चारांमध्ये इयान जॅक्सन होते. अध्यक्षाच्या निर्णायक मताची तरतूद ज्या घटनेत आहे, तिचा मसुदा त्यांचाच.

पुढे काही महिन्यांनी जॅक्सन यांनी प्रश्न सर्व सदस्यांपुढे नेला. कुठल्याही पॅकेजने सेवा उठवणाऱ्या एकाच विशिष्ट प्रणालीवर अवलंबून राहू नये, असा त्यांचा ठराव होता. पर्याय वाढत गेले, मेलचा महापूर आला. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा जिंकलेला पर्याय होता : या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरज नाही. तेव्हा अशा ठरावांच्या मोजणीची फाइल सगळ्यांसाठी प्रसिद्ध होत असे. मी ती ओळीओळीने वाचली आहे. डावीकडे पाच पर्यायांना दिलेले पाच क्रमांक, उजवीकडे नाव. कुणाचं ‘४३२१५’, कुणाचं ‘१२४३५’. ज्यांची पॅकेजं मी रोज वापरते अशी नावं त्यात भेटत होती, आणि त्या आकड्यांतून कुणाला काय किती खुपलं होतं ते थेट दिसत होतं. कुणीतरी ठरावाची गरज नाही हा चौथा पर्याय पहिला लिहिताना काय विचार केला असेल? मला वाटतं, सिस्टमडी हवं की नको यापेक्षा ‘आता पुरे’ हे त्यात जास्त होतं.

त्या एका महिन्यात जे घडलं ते अजूनही वाचवत नाही. कॉलिन वॉटसन आणि रस ऑलबेरी यांनी समिती सोडत असल्याचं जाहीर केलं. टॉलेफ फॉग हेन यांनी सिस्टमडी सांभाळणाऱ्या गटातून पाय काढता घेतला. निकालानंतर जॅक्सन यांनीही समितीचा राजीनामा दिला. जिंकलेल्या बाजूची माणसं गेली, हरलेल्या बाजूचीही गेली. महिन्याच्या शेवटी काही जणांनी डेव्हुअन नावाचा फोर्क, म्हणजे डेबियनचाच कोड घेऊन वेगळी काढलेली शाखा, जाहीर केला. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ मध्ये आली.

आणि जोई हेस गेले. समितीतून नव्हे, डेबियनमधूनच. १८ वर्षं त्यांनी या प्रकल्पाला दिली होती. आज जवळजवळ प्रत्येक पॅकेज ज्याच्या आधाराने बांधलं जातं ते डेबहेल्पर त्यांनी लिहिलं, डेबियन संगणकावर बसवणाऱ्या इन्स्टॉलरच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. जाताना त्यांनी लिहिलं की घटनेचा प्रस्ताव आला तेव्हा शंका वाटत असूनही आपण विरोधात बोललो नाही, ही एकच खंत आहे. हा दस्तऐवज विषारी आहे आणि त्याने डेबियनला हळूहळू वाईट दिशेला नेलं.

मी त्यांच्या या मतापाशी वारंवार येते. घटना मला प्रिय आहे, आणि तिला विषारी म्हणणारा माणूस तिच्या छायेत १८ वर्षं राबलेला आहे. त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. नियम असले की माणसं नियमांनी भांडू लागतात. बोलून सुटला असता असा प्रश्न ठरावाच्या भाषेत जातो, आणि ठरावाच्या भाषेत समोरच्याला समजून घेण्यापेक्षा त्याच्यापेक्षा नेमकी शब्दरचना करण्याला महत्त्व येतं. हे खरं आहे. तरीही मला हेस यांचं निदान पूर्ण पटत नाही. घटना नसती तर तो वाद झालाच नसता का? झाला असता, आणि ज्याच्या हातात सर्व्हरच्या किल्ल्या, त्याचा शब्द शेवटचा ठरला असता. मतदानातून काम होत नाही हे खरं. हरलेल्याला मान खाली न घालता परत येता यावं, यासाठी मतदान असतं. आपलं ऐकून घेतलं, मोजलं, आणि मग आपण हरलो, एवढं तरी त्याच्या पदरात पडायला हवं. घटनेची कसोटी मी तरी यावर लावते. २०१४ मध्ये डेबियन त्या कसोटीला अर्धवटच उतरलं.

पैशाने हा प्रश्न सुटेल असं वाटणाऱ्यांसाठी २००६ सालची डंक-टँकची कहाणी आहे. ‘एच’ (Etch) ही डेबियनची आवृत्ती डिसेंबरमध्ये वेळेवर यावी म्हणून तेव्हाचे प्रमुख अँथनी टाउन्स आणि काही जणांनी डेबियनच्या बाहेर पैसे जमवून दोन रिलीज मॅनेजरांना मोबदला द्यायचं ठरवलं. हेतू चांगला होता. पण बाकीचे शेकडो लोक तेच काम पदरमोड करून करत होते. वादळ उठलं, प्रमुखाला परत बोलावण्याचा ठराव आला (तो फेटाळला गेला), काहींनी आपला वेग मुद्दाम कमी केला. आवृत्ती आली ती एप्रिल २००७ मध्ये.

त्याहून मोठी अडचण थकव्याची आहे. मार्च २०१९ मध्ये प्रमुखपदासाठी अर्जाची मुदत संपली आणि एकही अर्ज आलेला नव्हता. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून तासभर बोलणारे सगळे सेक्रेटरीपदाचा विषय निघाला की हात वर करतात, तसंच काहीसं. घटनेने त्याचीही सोय ठेवली होती : मुदत आठवड्याने वाढते, गरज पडली तर पुन्हा वाढते. त्या वाढीव आठवड्यात माणसं पुढे आली आणि सॅम हार्टमन निवडून आले. त्यांनी अधिकार कमी आणि मध्यस्थी जास्त अशा पद्धतीने वर्ष काढलं. वर्षअखेरीला सिस्टमडीवर पुन्हा मतदान झालं. यावेळी सिस्टमडीला प्राधान्य, पण पर्याय धुंडाळणाऱ्यांनाही साथ, असा पर्याय जिंकला. पाच वर्षांपूर्वीसारखी पडझड झाली नाही.

घटना नसलेल्या प्रकल्पांत हा थकवा एकाच माणसावर कोसळतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात तिचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांचा शब्द अखेरचा असे. जुलै २०१८ मध्ये, एका छोट्याशा चिन्हावरच्या प्रदीर्घ वादानंतर, त्यांनी ते पद सोडलं. एका प्रस्तावासाठी एवढं झगडायचं आणि वर इतक्या लोकांचा रोष घ्यायचा, हे आता नको, असं त्यांनी सरळ लिहिलं. वारस नेमला नाही. तुम्हीच ठरवा म्हणाले. मंडळींनी सात आराखडे मांडले, डिसेंबरमध्ये मतदान केलं आणि पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ स्वीकारलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात नकोत, हा नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो. पहिल्या मंडळात व्हॅन रॉसम स्वतः निवडून आले, पाचांतले एक म्हणून.

आणि एक्सझेडचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. फायली दाबून लहान करणारी एक साधी लायब्ररी, जी जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. सांभाळणारा माणूस एक, तोही बिनपगारी. २०२२ च्या सुमारास अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव सुरू झाला : कामं रखडली आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. ‘जिया टॅन’ नावाचा एक मदतनीस आधीपासून हजर होताच. त्याला हळूहळू अधिकार मिळाले आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याने लायब्ररीत चोरदरवाजा बसवला. मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरना डेबियन चालणाऱ्या आपल्या चाचणीच्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून आपण सगळे वाचलो. सुरक्षेच्या दृष्टीने यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यात राजकारण दिसतं. ‘लवकर करा’ असं फुकट काम करणाऱ्याला बजावणं, ही सत्ता आहे. त्या माणसाच्या मागे ‘थांबा, याचं आम्ही बघतो’ म्हणणारा एकही सहकारी, एकही समिती, एकही नियम नव्हता. डेबियनच्या कंटाळवाण्या कलमांची किंमत मला त्या आठवड्यात नव्याने कळली.

मत कुणाला, हा प्रश्न मात्र डेबियननेही बराच काळ नीट सोडवला नव्हता. मतदार व्हायचं तर डेबियन डेव्हलपर व्हावं लागतं, आणि त्यासाठी सहसा आधीच्या डेव्हलपरने तुम्हाला भेटून, ओळखपत्र पाहून, तुमच्या कीवर सही केलेली असावी लागते. म्युनिकमध्ये राहणाऱ्याला हे एका संध्याकाळचं काम. नांदेडमध्ये राहणाऱ्याने काय करायचं? सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद पहिल्यांदा भारतात, कोचीला भरली, तेव्हा मी गेले होते. जेवणानंतरच्या वेळात माणसं एकमेकांसमोर उभी राहून पासपोर्ट दाखवत होती. एकजण कागदावरून कीच्या फिंगरप्रिंटची, म्हणजे तिच्या ओळखक्रमाची, चाळीस अक्षरं चार-चारच्या गटाने वाचायचा, दुसरा आपल्या कागदावर पेन्सिलने खुणा करत जायचा. मध्येच ‘बी की डी?’ असं विचारलं की पुन्हा मागून सुरुवात. माझ्या शेजारचा विद्यार्थी अख्खा दिवस रेल्वेने बसून केवळ या सह्यांसाठी आला होता. त्याचं पॅकेजिंगचं काम दोन वर्षांपासून चालू होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच. अंतर हासुद्धा एक मतदारयादीचा नियम असतो, कुठेही न लिहिलेला.

वेळही तसाच. हा सगळा डोलारा फावल्या वेळावर उभा आहे, आणि फावला वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही. लोकलचे तीन तास, घरातलं आजारपण, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यातून उरेल त्या वेळात बाई पॅकेज कधी बांधणार? ‘जो काम करेल त्याचा शब्द’ हे तत्त्व मी मनापासून मानते, पण त्याच्या आधी ‘ज्याला काम करायला सवड मिळेल’ असं एक वाक्य आहे, आणि ते म्हणायला प्रकल्प लाजतात.

एक दार मात्र त्यांनी उघडलं. २०१० साली डेबियनने मतदानाने ठरवलं की पॅकेज न बांधणारेही पूर्ण सदस्य होऊ शकतात : भाषांतर करणारे, दस्तऐवज लिहिणारे, परिषदा भरवणारे. त्यांचं मत पॅकेजवाल्याच्या मताइतकंच. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे. भाषा निवडली की ‘मराठी’ दिसतं, पुढचे पडदे आपल्या भाषेत येतात. ते शब्द कुणीतरी घरी बसून, एकेक करून लिहिले आहेत. २०१० नंतर त्या कामाच्या जोरावर माणूस प्रमुख कोण असावा हे ठरवू शकतो, इतकंच काय, स्वतः उभाही राहू शकतो. पुण्यात लिनक्सच्या गटांत वर्षानुवर्षं येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, मला शंकाच आहे. तांत्रिक काम जमणार नाही म्हणून मागे राहिलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत असते.

मोजणीच्या फायली आता तशा वाचता येत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन वादग्रस्त विधानांमुळे पायउतार झाले होते. २०२१ मध्ये ते फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतल्यावर डेबियनने भूमिका घ्यावी का, यावर मतदान झालं. निकाल आला, जाहीर निवेदन करायचं नाही. पण मतासमोर नाव छापलं जाणार म्हणून अनेकांना भीती वाटत होती. ज्या विषयावर बाहेर माणसं अंगावर धावून येतात त्यात नावानिशी मत देणं सोपं नव्हतं. २०२२ च्या ठरावाने नावं झाकली. आपलं मत मोजलं गेलं की नाही हे मात्र ज्याचं त्याला तपासता येतं. मला त्या उघड्या फायलींची आठवण येते, तरी हा बदल योग्यच होता.

२०२१ च्या त्या मतदानात आणखी एक उणीव उघडी पडली होती. पर्याय कधीपर्यंत मांडायचे, चर्चा कधी थांबवायची, याचे नियम इतके सैल होते की ज्याला घड्याळाचा डाव साधता येईल त्याचं फावायचं. ते नियम नव्याने लिहायचं किचकट काम अंगावर घेतलं रस ऑलबेरी यांनी, २०१४ मध्ये समिती सोडून गेलेल्या त्याच ऑलबेरींनी. कित्येक आठवडे ते प्रत्येक शंकेला उत्तर देत राहिले, मसुदे बदलत राहिले. जानेवारी २०२२ मध्ये ठराव मंजूर झाला.

इयान जॅक्सनही गेले नाहीत. समिती सोडली, डेबियन सोडलं नाही. गिट या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनातून थेट डेबियनमध्ये पॅकेज पाठवता यावं म्हणून त्यांनी डीगिट लिहिलं, आणि पुढे शॉन व्हिटन यांच्यासोबत त्याच दिशेच्या टॅग-टू-अपलोड या सेवेचं काम हाती घेतलं. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यावरूनही जोरदार वाद झाला, पानंच्या पानं लिहिली गेली, पुन्हा ठरावाची भाषा निघाली. मी ती सगळी चर्चा वाचली. त्यात ते पूर्वीइतकेच आग्रही होते.